गंजीतल्या पिसवा

पिसू बोटानं चिरडून मरत नाही. दोन नखांच्या मधात धरून दाबावी लागते, तेव्हा कुठं टचकन आवाज येतो. दीपाला हे आता झोपेतसुद्धा जमत होतं. पण मेली चावायची कुठं, तर घोट्याला! सातव्या महिन्याचं पोट घेऊन घोट्यापर्यंत हात पुरवायचा म्हणजे काय ते पिसवेला थोडंच माहीत. वाकायला जावं तर श्वास अडकायचा, पाय वर ओढावा तर पोटरीत गोळा यायचा. मग ती एका टाचेनं दुसरा पाय खरडायची. खरडून खरडून दोन्ही पायांची सालं निघाली होती, आणि आता पिसवा पायावरून पोटावर आल्या होत्या.

सकाळी उठून ती अंगणात लुगड्याची घडी झटकत होती, तर सासू नलूबाई चुलीपासून म्हणाली, "अवं, किती झटकशीन? फाटून जाईन ते."

"फाटू द्या. आई, तुमाले नाई चावत का?"

"चावते ना. पण आमचं कातडं जुनं झालं. तुहं रगत गोड लागते त्यायले, दोन जीवाचं हाय."

नलूबाईच्या तोंडी असली उत्तरं तयारच असायची. दीपानं लुगडं उलटं केलं आणि परत झटकलं.

घर राळेगावच्या अलीकडं, फाट्यावरून आत गेलं की तिसऱ्या गल्लीत. मागची खोली चुलीची, तिथं नलूबाई झोपायची. समोरच्या खोलीत दीपा आणि तिचा नवरा प्रफुल्ल. आणि त्या खोलीत त्यांच्यापेक्षा मोठा मालक म्हणजे कापूस. दिवाळीपासून वेचून आणलेला सगळा कापूस प्रफुल्लनं भिंतीला लावून रचला होता. गंजी वाढता वाढता बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीला टेकली होती. खाट उरलेल्या कोपऱ्यात. भाव वाढल्याशिवाय बोंडभर कापूस विकायचा नाही, असं त्यानं चावडीवर दहा जणांत सांगून ठेवलं होतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत हेच चाललं होतं, त्यामुळं त्यात कोणाला वावगंही वाटत नव्हतं.

त्या गंजीत भुरी व्याली होती. भुरी म्हणजे वावरातून प्रफुल्लच्या मागं मागं आलेली कुत्री, तांबूस रंगाची, एक कान दुमडलेला. थंडीत तिनं गंजीच्या बुडाशी पायानं उकरून खोपा केला, आत शिरली, आणि सकाळी पाहतात तो चार पिलं. तेव्हा सगळे हसले होते. "पोरगी बाळंतपणाले माहेरी आली," असं नलूबाई म्हणाली होती आणि तिनं भुरीला गूळ घालून कण्या खाऊ घातल्या होत्या. पिलांचे डोळे उघडले आणि पंधरवड्यात खोलीत पिसवाच पिसवा झाल्या. खाटेवर बसावं तर पायाला काळे ठिपके उडी मारून चिकटायचे.

उपाय तरी किती केले! कडुनिंबाचा पाला उकळून भुरीला आंघोळी घातल्या. खोलीत धूर केला, तर पिसवा राहिल्या आणि दीपा खोकून खोकून बेजार झाली. मीठ टाकलं, चुना टाकला. दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"बस झालं," प्रफुल्ल एका संध्याकाळी म्हणाला. "पंप काढतो. एक फवारा मारला का साऱ्या उताण्या पडतीन."

दीपा पोळी लाटत होती. तिचा हात थांबला. "नाई."

"अवं, तुले एक दिवस विमलताईकडं बसवतो. दारं उघडी ठेवू. वास गेला का येजो घरात."

"म्या नाई म्हणलं ना. घरात औषध येणार नाई."

तिनं आवाज चढवला नव्हता. पण दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती. दोन वर्षांपूर्वी, फवारणीच्या दिवसांत, दीपाला चौथा महिना होता. तो वावरातून यायचा, अंगावरचा ओला सदरा-पॅन्ट काढून दगडावर टाकायचा, आणि ती धुवायची. रोज. कोपरापर्यंत हात त्या पाण्यात. मग एका दुपारी पोट दुखायला लागलं आणि यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं होतं, "घरी फवारणी असते का? कपडे कोण धुतं?" दीपा म्हणाली, "मीच." बाईनं मान हलवली. घरी आल्यावर नलूबाई म्हणाली, "पयलं नासतेच कोनाकोनाचं." तेव्हापासून फवारणीचे कपडे प्रफुल्ल स्वतः वावराच्या धुऱ्यावर पिळून बाभळीवर टाकायचा. दीपानं त्यांना बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"बरं. फवारनार नाई," तो म्हणाला.

"शपथ घ्या."

"घेतली. फवारनार नाई. झालं?"

मग तो जवळ आला, आणि रोजच्यासारखा पोटावर हात ठेवून म्हणाला, "हललं का आज?" ही त्याची रोजची सवय. दीपानं त्याचा हात उजवीकडं सरकवला. आतून टुणकन धक्का लागला. प्रफुल्ल दात काढून हसला. त्याचं हे हसणं पाहिलं की दीपाचा अर्धा राग उतरायचा.

फवारायचं नाही, तर मग भुरीलाच बाहेर काढू, असं दीपानं ठरवलं. पण नलूबाई दारात आडवी उभी राहिली.

"दोन जीवाच्या बाईच्या घरातून व्यालेली हाकलू नये. आमच्या सासूनं सांगतलेलं हाय. तिचा तळतळाट लागते."

"आई, आपन हे सारं सोडलं ना? तुमीच त सांगता, आपल्याकडं असलं काई नसते म्हून."

"देव सोडला. लेकुरवाळीची माया नाई सोडली."

दीपानं हाकललं नाही, पण सासू हापशीवर गेल्याबरोबर चारही पिलं टोपलीत घातली आणि गोठ्यात, कडब्यावर नेऊन ठेवली. भुरी मागं मागं आली, हुंगून गेली. दीपा मोठ्या समाधानानं खोली झाडायला लागली. अर्धी खोली झाडून होते न होते तोच भुरी मान ताठ करून दारातून आत, तोंडात पिलू. ठेवलं खोप्यात आणि परत चालली. तिन्हीसांजेपर्यंत चारही पिलं कापसात. दीपानं दुसऱ्या दिवशी परत नेली. भुरीनं परत आणली. तिसऱ्या दिवशी दीपा टोपली घेऊन उठली, पण कमरेत अशी कळ आली की टोपलीसकट खाली बसली आणि रडायलाच लागली.

"राख तुहं घर! तुहंच घर हाय हे! मीच जातो गोठ्यात!" ती भुरीला म्हणाली.

भुरीनं कान पाडले आणि तिच्या पायाचं सालपट चाटलं.

तपासणीच्या दिवशी दीपा एसटीनं राळेगावला गेली. प्रफुल्ल येणार होता, पण सकाळी म्हणाला, "मले जरा काम हाय घरी. तू विमलताईसंगं जाय." विमलताई समोरच्या घरात राहायची, गावची आशा कार्यकर्ती. बोलायला फटकळ, पण दवाखान्यात तिच्या ओळखी होत्या.

बाकावर आठ-दहा बायका होत्या. नर्सनं दीपाला आत घेतलं, पोटावरचा पदर सारला आणि दार उघडंच ठेवून मोठ्यानं विचारलं, "अगं, हे काय? खरूज आहे का घरात कोणाला?"

दीपा पदर ओढत म्हणाली, "खरूज नाई, पिसवा हायेत. कुत्री व्याली घरात."

ती बाहेर येऊन बसली, तर शेजारची बाई सरकली. तिच्या पलीकडची सरकली. एकीनं जमिनीवर खेळणारं पोरगं उचलून मांडीवर घेतलं. दीपाच्या घोट्याला त्याच वेळी अशी खाज सुटली की डोळ्यांत पाणी आलं. पण खाजवायची सोय नव्हती. तिनं दोन्ही पाय बाकाखाली घट्ट धरून ठेवले आणि भिंतीवरच्या लसीच्या चित्राकडं पाहत बसली. इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

डॉक्टरनं लावायला पांढरं औषध दिलं आणि बजावलं, "घरात फवारणी-बिवारणी करू नका. तुमचं आधीचं माहीत आहे ना?"

"नाई करनार. पन मंग करू काय?"

"कुत्रं बाहेर काढा."

उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं! दीपा विमलताईला म्हणाली, "ताई, जनावराच्या दवाखान्यात जाऊ. तिथं तरी कोनी सांगन."

जनावरांचे डॉक्टर डबा खात होते. त्यांनी घास न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्रीला गोळी देतो, पिलांना नाही चालणार. पण कुत्रीवर दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी, अळ्या तिच्या झोपायच्या जागेत. ती जागा उपसा, झाडा, उन्हात टाका. काही दिवस रोज करा. जातात."

"ते कापसात झोपते, साहेब. कापसाच्या गंजीत."

डॉक्टरनी डब्याचं झाकण लावलं. "मग कापूस उपसा."

एसटीत दीपाला हसूही येत होतं आणि रागही. भुरीला घातलेल्या आंघोळी, निंबाचा पाला, चुना, सगळं फुकट! दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

घरी येऊन तिनं दारातूनच सांगितलं, "कापूस काढा लागते." आणि मग ती थबकली. नाक वर करून म्हणाली, "वास कायचा येते?"

"कायचा?" प्रफुल्ल खाटेवर बसला होता.

"औषधाचा. फवारणीच्या दिवसातल्यावानी."

"कुठी? मले त नाई येत."

नलूबाई आतून हसली. "पोटुशी बाईले साऱ्याचा वास येते बाप्पा. मले प्रफुल्लच्या टायमाले उनाचा वास ये."

"आई, खरंच येते."

"येते ना, म्या कुठी नाई म्हणलं? तुह्या नाकाले येते."

दीपानं सगळी खोली हुंगली, खाटेखाली वाकून पाहायचा प्रयत्न केला, पण पोटानं वाकू दिलं नाही. प्रफुल्लनं हात धरून तिला उठवलं. "पड जरा. थकली तू." तो एवढा प्रेमानं बोलला की आपल्यालाच भास झाला असं तिला वाटलं.

त्या रात्रीनंतर एक नवल घडलं. भुरीनं आपणहून पिलं उचलली आणि एकेक करून गोठ्यात नेली. कोणी सांगितलं नाही, कोणी टोपली धरली नाही. सकाळी खोपा रिकामा.

"पाह्यलं! तूच शिकवलं तिले," नलूबाई म्हणाली.

"चला, एक काम त झालं," दीपा म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं. भुरी गेली, आता पिसवा जातील. पण पिसवा कुठं जातात! कुत्री गेल्यामुळं त्यांना खायला आता दीपाच उरली होती. वरून डोकं दुखायला लागलं. सकाळी उठलं की ठणकायचं, अंगणात आलं की कमी व्हायचं. मळमळायचं तर तिसऱ्या महिन्यासारखं.

"वास येते," ती म्हणायची.

"पोटुशी," सासू म्हणायची.

आणि प्रफुल्ल? तो म्हणायचा, "अंगनात झोपत जा ना. हवा लागन." खाट तिनं दोन रात्री अंगणात टाकली, पण पहाटेच्या गारठ्यानं पाय आखडले, म्हणून पुन्हा आत आली. ती आत आली तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं, एवढं तिला नंतर आठवलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक पिलू मेलेलं सापडलं. तोंडाला फेस. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तसंच. नलूबाई म्हणाली, "पिसवायनं रगत पेलं त्यायचं." प्रफुल्लनं दोन्ही पिलं फडक्यात गुंडाळून वावरात नेऊन पुरली. आल्यावर तो जेवला नाही.

दीपा मात्र घाबरली. एवढ्याशा जिवाचं रक्त पिऊन पिसवा त्याला मारत असतील, तर तिच्या पोटातल्याचं काय? ती सगळं सोडून प्रफुल्लच्या मागं लागली.

"कापूस काढा."

"पाडव्यापर्यंत थांब."

"पाडव्यापर्यंत म्या थांबू, का हे थांबन?" तिनं पोटाकडं बोट दाखवलं.

"अवं, आता काढला त लोक काय म्हनतीन? साऱ्या गावात म्या सांगून बसलो. भाव चढून राह्यला. आणखी थोडसाक दम धर."

"विकू नका, नुसता बाहेर काढा. खालची जागा झाडू, परत रचू."

"तेवढा कापूस उपसाले चार मानसं लागतीन. अन् अंगनात कापूस दिसला का व्यापाऱ्यायच्या गाड्या येतीन दारात. मंग भाव पाडतेत ते. तुले नाई समजत यातलं."

"मले समजत नाई. मले चावते तेवढंच समजते!"

"फवारू देत नाई, कापूस काढाले सांगते, कुत्री हाकलाले सांगते..." तो ओरडला. "मानसानं करावं काय?"

आणि भिंतीवर टांगलेला सदरा ओढून तो निघून गेला. वावरात हरभरा काढायचा होता, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. दीपा दारात उभी राहिली. डोकं ठणकत होतं. तिनं गंजीकडं पाहिलं. पांढरा डोंगर, वरच्या चौकटीला टेकलेला. तिला त्या कापसाचा इतका संताप आला की आपल्या हातांनी पेटवून द्यावा असं वाटलं.

पेटवला नाही. पदर खोचला, गोणपाटाची सुताडी घेतली आणि पहिला भारा तिच्यावर ओढून अंगणात नेऊन टाकला.

"अवं अवं! काय करून राह्यली?" नलूबाई धावत आली.

"उपसून राह्यलो."

"याड लागलं का? सातवा हाय तुले!"

"म्हूनच."

नलूबाईनं एक हात धरला, दीपानं सोडवला. दुसरा धरला, तोही सोडवला. नलूबाईनं तिला शिव्या घातल्या, मग लेकाला घातल्या, मग कापसाला घातल्या. मग स्वतःच नऊवारी खोचून म्हणाली, "सरक तिकडं. ओढाचं काम माह्याकडं. तू नुसती सुताडी धर." सासूचं काय सांगावं! खवळली की विस्तव, आणि कामाला लागली की दोन माणसांचं ओढते. समोरून विमलताई आली. "अवं बापा, लग्न हाय का घरी?" म्हणाली आणि तीही लागली.

दुपारपर्यंत अंगण पांढरं झालं. गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबत होता. "विकला का प्रफुल्लनं?" "दम निघाला वाटते!" आणि व्हायचं तेच झालं. गावोगाव फिरून कापूस घेणारा खेडा खरेदीवाला रामलाल आपली पिकअप घेऊन गल्लीच्या तोंडाशी हजर. अंगणात कापूस दिसला की त्याला कुठून कळायचं कोण जाणे. मागोमाग सायकल हाणत प्रफुल्ल. कोणीतरी वावरात फोन केला होता.

"काय चालू हाय हे?" तो सायकल टाकून आत आला. घामानं डबडबलेला, लाल. "सारं गाव हासून राह्यलं माह्यावर! आई, तू पन?"

"माह्यावर नको ओरडू," नलूबाई म्हणाली.

दीपा आतल्या कोपऱ्यात होती. गंजीचा तळ आला होता, गुडघाभर राहिला होता. प्रफुल्ल एकदम पुढं धावला. "बस. राहू दे आता. खालचं मी काढतो. तू बाहेर हो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दीपा हटली असती कदाचित. पण तो घाबरला होता, हे तिला दिसलं.

"काहून?"

"म्या सांगतो म्हून. हो बाहेर."

दीपानं शेवटचा थर भिंतीपासून सुताडीवर ओढला. भुरीचा खोपा होता तिथं, भिंतीच्या कडेकडेनं, करडे दाणे पसरलेले होते. रेतीसारखे. ओळ भिंतीनं सरकत खाटेच्या उशाखाली गेली होती. आणि वास! तो वास आता नलूबाईलाही आला. तिनं पदर नाकाला लावला. त्या दाण्यांवर पिसवा टुणटुण उड्या मारत होत्या, जशा काही जत्रेत आल्या आहेत.

"हे कपाशीचं दानेदार औषध हाय," विमलताई हळूच म्हणाली.

बाहेर रामलाल कोणाला तरी विचारत होता की वजनकाटा लावू का.

"कवा टाकलं?" दीपानं विचारलं.

प्रफुल्ल खाली पाहत होता. "तू तपासाले गेलती त्या दिवशी. तुले झोप लागत नोती ना. रात्रभर खाजवे तू, रडे तू. मले पाह्यवत नोतं. मांगल्या सालचं उरलेलं होतं माळ्यावर. म्हणलं वास कमी येते याचा... अन् तू फवारू नको म्हणे. म्या फवारलं नाई."

"फवारलं नाई," दीपा म्हणाली.

"शपथ घेतलती ना."

दीपाला आठवलं ते नाक वर करून उभं राहणं, सासूचं हसणं, त्याचं प्रेमानं हात धरून उठवणं, तोंडाला फेस आलेली ती दोन पिलं. भुरीनं हुंगलं आणि पिलं उचलून नेली. तिला कोणाला पटवावं लागलं नाही. आपल्याला मात्र वास येत होता, तोंडानं सांगता येत होतं, तरी आपण त्याच उशाला झोपलो.

नलूबाई लेकाजवळ गेली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. अख्ख्या गल्लीसमोर. त्यानं गाल धरला नाही. मग नलूबाई सुनेकडं वळली आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "म्या तुह्या नाकाले हासलो वं," म्हणाली.

विमलताईनं वेळ घालवला नाही. दीपाला अंगणात आणलं, हात-पाय साबणानं धुतले, लुगडं बदलवलं, आणि रामलालला सांगितलं, "भाऊ, काटा मागून लावजा. आधी हिले दवाखान्यात न्या." रामलाल बिचारा भाव पाडायला आला होता, पण त्यानं पिकअपचं दार उघडलं. प्रफुल्ल मागच्या हौद्यात चढायला लागला. दीपा म्हणाली, "तुमी नाई." तो उतरला.

राळेगावच्या दवाखान्यात त्याच नर्सनं पोटावर यंत्र ठेवलं. खरखर झाली. दीपानं विमलताईचा हात इतका आवळला की तिच्या बांगडीचा वळ उमटला. नर्सनं यंत्र सरकवलं, आणखी सरकवलं. आणि मग घोड्यासारखं टबडक टबडक सुरू झालं. नर्सही हसली. डॉक्टरनं रक्त तपासायला घेतलं, यवतमाळला जाऊन सोनोग्राफी करायला सांगितली आणि ताकीद दिली, "आता तरी बरं आहे. पण त्या घरात पाय टाकायचा नाही, साफ होईपर्यंत."

दीपा विमलताईच्या घरापुढच्या सपरीत, छपराखालच्या ओसरीत, राहिली. तिथून समोरचं आपलं घर पूर्ण दिसायचं. कापूस रामलालच्या काट्यावर गेला. तळाचा थर मात्र दीपानं जाऊ दिला नाही, तो वावरात खड्डा करून पुरायला लावला. दाणे प्रफुल्लनं तोंडाला फडकं बांधून, हाताला प्लास्टिकच्या पन्न्या बांधून वेचले. मग राहिली अंथरुणं, गोधड्या आणि तिची सगळी लुगडी.

नलूबाईनं धुवायला म्हणून बोचकं उचललं, तशी दीपा सपरीतून म्हणाली, "आई, ठेवा ते. त्यायले धुऊ द्या."

नलूबाईनं बोचकं लेकाच्या पुढ्यात ठेवलं.

"हापशीवर नका नेऊ," दीपा त्याला म्हणाली. "तिथलं पानी सारं गाव पेते. अंगनात धुवा. पानी खड्ड्यात सोडा."

तर सकाळपासून प्रफुल्ल अंगणात उकिडवा बसून लुगडी धूत होता. ड्रम भरून पाणी आणायचा, बदाबदा ओतायचा, मोगरीनं बडवायचा. गोधडी पिळता पिळता त्याच्या दंडाला पीळ पडला. गल्लीतून जाणाऱ्यांना फुकटचा तमाशा. एक जण म्हणाला, "काय बे, बाळंतपन तुहं हाय का?" दुसऱ्यानं शिट्टी मारली. प्रफुल्लनं मान वर केली नाही. नलूबाई दारात बसून होती. एरवी तिनं लेकाच्या हातून मोगरी हिसकून घेतली असती. आज हललीही नाही. भुरी उरलेली दोन पिलं घेऊन विमलताईच्या सपरीच्या पायरीशी पडली होती. डॉक्टरच्या गोळीनं तिची खाज कमी झाली होती.

उन्हं चढली तेव्हा सगळी लुगडी दोरीवर होती. प्रफुल्ल सपरीशी आला. पायरीच्या खाली थांबला. डोळे तांबारले होते. रात्रभर झोपला नसावा.

"दीपा," तो म्हणाला. "हललं का?"

सकाळपासून सारखं हलत होतं. आताही उजवीकडं ढुशा देत होतं, पदर उडत होता. त्यानं ते पाहिलं. नेहमीच्या सवयीनं त्याचा हात पुढं आला.

"आधी हात धुवा," दीपा म्हणाली.

तो ड्रमपाशी गेला. साबण लावून हात धुतले, परत आला, दोन्ही तळवे उघडून तिला दाखवले.

तिनं ते तळवे नीट पाहिले. मग नाही म्हणून मान हलवली.

"आणखी धुवा."

प्रफुल्ल परत ड्रमपाशी गेला आणि हात धूत राहिला.